मुतखड्यासाठी एमआरआय लिहून दिलाय? पैसे भरण्याआधी हे वाचा

धाकटा भाऊ पुण्यात धायरीत राहतो, स्कूल व्हॅन चालवतो. गेल्या महिन्यात रात्री दोनला त्याच्या डाव्या कुशीत अशी कळ आली की वहिनीने रडतच फोन केला. सकाळी सोनोग्राफी झाली. मूत्रपिंडाला सूज होती, खडा दिसला नाही. यात गैर काही नव्हतं. मूत्रनलिकेत अडकलेला खडा सोनोग्राफीत बऱ्याचदा निसटतो.

फसवणूक त्यानंतर झाली. डॉक्टरांनी एमआरआय लिहिला आणि अमुक सेंटरवरच करा म्हणून बजावलं. सीटीबद्दल विचारलं तर म्हणाले, "त्यात रेडिएशन असतं, हे सेफ आहे." सेंटरच्या काउंटरवरच्या मुलीने आधी चिठ्ठीचा कोपरा बघितला. तिथे डॉक्टरांचा बारीक शिक्का होता. तो वहीत टिपून घेतला, मग पेशंटचं नाव विचारलं. ९,५०० रुपये रोख घेतले, पावती कोऱ्या कागदावर.

आणि रिपोर्टमध्ये काय? सूज आहे, खड्याबद्दल खात्रीने सांगता येत नाही, सीटी करावा!

नंतर कळलं, खड्यातून एमआरआयला सिग्नलच जवळपास मिळत नाही. दिसलाच तर काळा ठिपका. गरोदर बाईला सोनोग्राफीने निदान झालं नाही तर एमआरआयचा विचार करतात, ते समजू शकतं. भाऊ ३४ वर्षांचा गडी आहे. कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटो उठून दिसावा म्हणून शिरेतून देतात ते औषध, न देता केलेल्या साध्या (प्लेन) सीटीत जवळपास सगळे खडे दिसतात, एक्स-रेत न दिसणारे यूरिक ॲसिडचेसुद्धा. रेडिएशनची काळजी खोटी नाही, पण त्यासाठी लो-डोस सीटी असतो. कॉन्ट्रास्टचा आग्रह झाला तरी कारण विचारा. ते औषध मूत्रमार्गात उतरलं की तेही पांढरं, खडाही पांढरा.

दोन दिवस तो तळमळत होता. शेवटी टिळक रस्त्यावरच्या यूरॉलॉजिस्टनी प्लेन सीटी केयूबी (मूत्रपिंड, मूत्रनलिका आणि मूत्राशयाचा सीटी) करून घेतला. मूत्रनलिका मूत्राशयाला मिळते तिथे ६ मिलिमीटरचा खडा. खर्च ३,२००, पक्की पावती.

सेंटरवाले म्हणतात डॉक्टरांनी लिहिलं, डॉक्टर फोन उचलत नाहीत. पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन घ्यायला डॉक्टरांना भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनीच बंदी आहे. चिठ्ठी, कोरी पावती आणि दोन्ही रिपोर्ट जोडून महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली आहे. तुम्हाला असं कुणी लिहून दिलं, तर "प्लेन सीटी का नाही?" एवढं विचारा आणि उत्तर चिठ्ठीवरच लिहून मागा.