नागपूरच्या धंतोलीतलं मानसोपचार क्लिनिक: वेटिंगला २ स्टार, निदानाला ५

लहान भावाला घेऊन गेलो होतो. इंजिनीअरिंगला आहे, कॉलेज सोडून खोलीतच बसून राहिला होता, अंघोळ नाही, झोप नाही, अन् वरच्या फ्लॅटमधले लोक माझ्याबद्दलच बोलून राहिले म्हणायचा, वरचा फ्लॅट तर कधीचा रिकामा आहे. आत्या म्हणे बाहेरचं आहे. काका एका 'ब्रेन मॅपिंग'वाल्याकडे घेऊन गेले (नाव नाही लिहीत), त्यांनी डोक्याला तारा लावून चकचकीत फाइल हातात दिली, त्यात लाल-पिवळी डोकी छापलेली, खाली लिहिलं स्किझोफ्रेनिया (भास-संशयाचा, माणूस गप्प होत जाणारा मेंदूचा आजार), अन् लगेच पॅकेजचा रेट.

धंतोलीतल्या डॉक्टरांनी ती फाइल दोन पानं चाळून बाजूला ठेवली. म्हणे स्किझोफ्रेनिया सिद्ध करणारी ना ब्लड टेस्ट आहे ना स्कॅन, निदान बोलूनच होते. मग थायरॉइड, बी-१२, लघवीतून नशेची तपासणी, एमआरआय कशाला? तर दुसरं काही नाही ना, हे बघायला. गांजानं, थायरॉइडनं, फिट्सनं, गाठीनंही असे भास होऊ शकतात. भावाशी एकट्याशी बोलले, मग आम्हाला आत बोलावून लहानपणापासूनचं सगळं विचारलं, आवाज एकच की अनेक, नावानं हाक मारतात की हुकूम देतात, असं बारीक बारीक.

आणि पहिल्याच दिवशी शिक्का नाही मारला, हे मला सगळ्यात आवडलं. निदानाचे नियम दोन पुस्तकांत आहेत: अमेरिकेच्या डीएसएम-५ मध्ये एकूण त्रास ६ महिने चाललेला पाहिजे, डब्ल्यूएचओच्या आयसीडी-११ मध्ये लक्षणं महिनाभर असली तरी चालते, त्यामुळे तेव्हा कागदावर 'सायकोसिस' (म्हणजे भास-भ्रम होणं, कारण काहीही असो) एवढंच लिहिलं अन् गोळी मात्र लगेच सुरू केली. स्किझोफ्रेनिया हा शब्द बऱ्याच नंतर आला.

आईचा पहिला प्रश्न, हे आमच्या माहेरचं का ह्यांच्या घरचं? (बाबा खिडकीतून बाहेर बघून राहिले होते.) डॉक्टर म्हणाले, काकू, कोणाचंच एकट्याचं नाही. अगदी हुबेहूब जुळ्यांमध्ये एकाला असला तरी दुसऱ्याला होईलच असं नाही, निम्म्याच्या आसपासच, म्हणजे जीन्सचा हात मोठा आहे पण सगळा खेळ त्यांचा नाही. एक असा जीन नाहीच, २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात जीनोममधल्या २८७ जागा सापडल्या, प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. म्हणून जीन टेस्टवर पैसे घालू नका म्हणे.

डोपामीनचंही (मेंदूतलं निरोप नेणारं एक केमिकल) नीट सांगितलं. औषध आधी आलं, १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन, अन् ते डोपामीन अडवते हे नंतर कळलं, त्यावरून हा आजार डोपामीनमुळे होते अशी थिअरी निघाली. भास-संशय त्यानं बऱ्यापैकी समजते, पण पोरगा गप्प का झाला, काही करावंसंच का वाटत नाही, हे फक्त डोपामीननं सुटत नाही, तिथं ग्लुटामेट ह्या मेंदूतल्या दुसऱ्या केमिकलचंही नाव घेतात. "मेंदूत केमिकल कमी-जास्त झालं" एवढ्यावर कोणी बोळवण केली तर अर्धंच सांगितलं समजा.

ओलान्झापिन (भास-संशय कमी करणारी गोळी) लिहायच्या आधी वजन घेतलं, टेप लावून कंबर मोजली, शुगर अन् कोलेस्टेरॉल करून आणायला लावलं, कारण ह्या गोळीनं वजन लय वाढते. हे त्यांनी सांगितलं, नेटवर शोधायची वेळ नाही आली.

आता वाईट. वेटिंग भयंकर, खुर्च्या कमी, गल्लीत गाडी लावायला जागा नाही म्हणजे नाहीच. रिसेप्शनवरची मुलगी पूर्ण नाव घेऊन "तुमच्या झोपेच्या गोळ्या संपल्या का" असं अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडते, डॉक्टरसाहेब, वाचत असाल तर तेवढं बघा. फोनवर नंबर लागत नाही, सकाळी जाऊन रजिस्टरमध्ये नाव टाकावं लागते, जुनी फाइल अन् आधी खाल्लेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, ती मागतातच.