आधी मेंदी मग इंडिगो, की दोन्ही एकदमच?

पांढरे केस झाकायचे ते वनस्पतींच्या रंगानेच, एवढं ज्यांचं ठरलेलं आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. पॅच टेस्ट करा, हातमोजे घाला, जुना टीशर्ट घाला हे सगळं तुम्हाला माहीत असणारच त्यामुळे त्यात जात नाही. नुसती मेंदी पांढऱ्या केसाला केशरी करते, नुसता इंडिगो, म्हणजे निळीच्या पानांची पूड, त्याच केसाला निळसर-हिरवट करतो, म्हणजे तपकिरी किंवा काळा हवा असेल तर दोन्ही लागणार हे उघड आहे. मग प्रश्न असा उरतो की आधी मेंदी लावून, धुवून, मग वरून इंडिगो लावायचा, का दोन्ही कालवून एकाच बैठकीत काम उरकायचं. मी दोन्ही प्रकार भरपूर केलेत. केस माझे आखूड आणि राठ, कानशिलांजवळ जवळपास पूर्ण पांढरे, बाकी डोक्यावर खिचडी. तेव्हा पुढचं सगळं या एका डोक्याच्या अनुभवावरून आहे, लांब किंवा मऊ केसांवर थोडा फरक पडू शकतो.

रंगाचं आधी बोलून टाकतो, कारण तिथे वाद नाहीच. काळा हवा असेल तर दोन टप्प्यांना पर्याय नाही. मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य केसातल्या केराटिन या प्रथिनाला पक्कं धरून बसतं, आणि त्या केशरी थरावर इंडिगोचा निळा चढला की डोळ्याला काळं दिसतं. दोन्ही एकत्र लावले की केसात जागा मिळवायला दोघं एकाच वेळी धडपडतात, कुणालाच पूर्ण वाव मिळत नाही, आणि निघतो तो तपकिरी. समसमान घेतलं तर मध्यम तपकिरी, मेंदीच्या दुप्पट इंडिगो घेतला तर गडद तपकिरी, उलट केलं तर लालसर. इंडिगो अजून वाढवत नेला तर काळा येईल असं वाटतं पण माझ्याकडे तसं झालं नाही, एका मर्यादेनंतर पांढऱ्या केसांना खालून मेंदीचा आधारच कमी पडतो आणि ते मळकट दिसायला लागतात.

आता एकत्र म्हणजे दोन्ही पावडरी एका भांड्यात ओतून पाणी घातलं असं नाही हं. इथे बरेच जण फसतात. मेंदीला रंग सोडायला वेळ लागतो, साध्या खोलीच्या तापमानाला रात्रभर, आणि पाण्यात जरा आंबटपणा असला तर तिला बरं पडतं. इंडिगोचं सगळं उलटं. त्याच्या पानात इंडिकन असतं, कोमट पाणी लागलं की पानातलंच एन्झाइम ते फोडतं आणि इंडॉक्सिल मोकळं होतं, आणि हे इंडॉक्सिल हवेशी भेटलं की निळं होऊन बसतं. हे निळं होणं केसात गेल्यावर व्हायला हवं. भांड्यातच झालं तर तो रंग पाण्यात विरघळत नाही, केसात शिरत नाही, नुसता वर बसतो आणि धुताना वाहून जातो. म्हणून इंडिगो कालवला की दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि लगेच लावायला घ्यायचा, उकळतं पाणी घालायचं नाही (एन्झाइम मरतं), लिंबू तर अजिबात नाही. म्हणजे एकत्रवाल्या पद्धतीतही भांडी दोनच लागतात, मेंदी आदल्या रात्री भिजवलेली आणि इंडिगो लावायच्या जरा आधी, आणि लावताना दोन्ही एकजीव करायची. मेंदी भिजवताना लिंबाऐवजी थोडी आवळा पावडर घातलेली मला बरी वाटते, तेवढा सौम्य आंबटपणा इंडिगोला फारसा त्रास देत नाही आणि लालपणाही जरा उतरतो.

याच कारणाने सगळं आधीच मिसळून मिळणाऱ्या तपकिरी किंवा काळ्या हर्बल पाकिटांवर माझा फार विश्वास नाही. एकाच पाण्यात दोघांचं वेळापत्रक जुळणार कसं? त्यातून पंधरा-वीस मिनिटांत कुळकुळीत काळं करणारं पाकीट असेल तर मागचं बारीक अक्षर वाचाच, त्यात पीपीडी म्हणजे पॅरा-फेनिलीनडायअमीन असण्याची शक्यता दाट. ते वनस्पतीचं नाही, रासायनिक रंगातलंच आहे, आणि त्याची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभराची. युरोपियन युनियनमध्ये केसांच्या रंगात, लावतेवेळी, त्याला २ टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे ती उगाच नाही. काळी मेंदी या नावाचं पान कुठल्याही झाडाला येत नाही एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

तर रंगात दोन टप्पे सरस. मग मी एकत्रकडे का वळलो? धुण्यामुळे. हे ऐकायला फार क्षुल्लक वाटेल, कुठल्याही तुलनेत रंग किती टिकतो, चमक किती, पांढरे किती झाकले हेच लिहिलेलं असतं, धुण्याबद्दल एक ओळ असते, स्वच्छ पाण्याने धुवा. त्या एका ओळीत माझी अर्धी सुट्टी जायची.

मेंदी वाळलेली नसली तरी ती केसात घट्ट बसते, बारीक चाळलेली असली तरी तिचे कण टाळूला चिकटतात, कानामागे जातात, मानेच्या खाचेत जातात, आणि डोकं पाण्याखाली धरलं की पहिली काही मिनिटं नुसता हिरवट चिखल येतो. तो संपला असं वाटतं, बोटं फिरवली की परत सुरू. नुसती मेंदी लावणाऱ्याचं यात काही अडत नाही, थोडे कण राहिले तर वाळल्यावर झडतात, टॉवेल खराब होतो, बास. पण त्यावर इंडिगो लावायचा असेल तर असं चालत नाही. जिथे मेंदीचा लेप राहिलाय तिथे इंडिगो केसापर्यंत पोचतच नाही आणि तेवढा पट्टा केशरी राहतो, म्हणून पहिलं धुणं अगदी कण न कण निघेपर्यंत करावं लागतं. कंडिशनर लावला तर मेंदी भराभर सुटते हे खरं, पण मग त्याचा थर केसावर राहतो आणि इंडिगो नीट धरत नाही, म्हणजे तोही परत शाम्पूने काढा. आणि हे सगळं दोन-तीन तास डोक्यावर ओलं ओझं घेऊन मान अवघडल्यावर. बरं ते झालं की केस टिपायचे, इंडिगो कालवायचा, दहा मिनिटं थांबायचं, आणि परत लावायला बसायचं, ह्या वेळी उत्साह संपलेला असतो त्यामुळे मागच्या बाजूला कसंही फासलं जातं. इंडिगोची पेस्ट मेंदीसारखी चिकट नसते, ओल्या मातीसारखी फुटत फुटत पडते आणि गळते पण. तास-दीड तासाने दुसरं धुणं, ह्या वेळी निळं पाणी, ते फरशीच्या सांध्यांत जातं.

एकत्र लावलं की हे एकदाच. मेंदीमुळे पेस्टला चिकटपणा येतो म्हणून इंडिगो गळत नाही, लावायलाही सोपं जातं, दोन-तीन तास कॅप घालून आपली कामं करायची, आणि शेवटी जे धुणं आहे ते कसंही झालं तरी रंगावर परिणाम नाही. कंडिशनर सढळ हाताने लावा, भराभर चोळा, मोकळे व्हा. जवस उकळून त्याचं बुळबुळीत पाणी थोडं पेस्टमध्ये घातलं तर धुताना अजून लवकर सुटतं असा माझा अनुभव आहे, सगळ्यांना पटेल असं नाही.

वेळेचा हिशोब करणारे म्हणतील की महिन्यातून एकदा तर करायचं, त्यात काय एवढं. पण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, आणि जितका रंग काळा तितकी भांगातली पांढरी रेघ लवकर आणि ठळक दिसते. दोन टप्प्यांचा काळा माझ्या डोक्यावर तिसऱ्या आठवड्यातच खाली पांढरं, वर काळं असा दिसायचा. तपकिरीचं तसं होत नाही, पांढरं आणि तपकिरी यांच्यात तेवढी उडी नसते, शिवाय अधूनमधून माझे मूळचे काळे केस आहेत त्यात तो मिसळून जातो, तर आठवडाभर इकडे तिकडे झालं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणजे जी पद्धत जास्त कटकटीची तीच जास्त वेळा करावी लागते, हे मला काही पटेना.

एकत्रच्या बाजूने सगळं गोडच आहे असंही नाही. त्यातला इंडिगो लवकर उतरतो, रोज शाम्पू करणारे असाल तर पंधरा-वीस दिवसांत तपकिरीतून तांबूस छटा वर यायला लागते. मला ती चालते, उन्हात जरा तांबूस दिसतं एवढंच. ज्यांना लालपणाची झाकही नको त्यांनी मात्र दोन टप्पेच करावेत, उगाच प्रमाण बदलत बसू नये. डोकं बहुतेक सगळं पांढरं असेल तरी तेच सांगेन, कारण मग मिसळायला मूळचे काळे केस नसतात आणि तपकिरी जरा एकसुरी, कधी भडकही वाटतो.

पद्धत कुठलीही असो, रंग पहिल्या दिवशी बघून निराश होऊ नका. इंडिगो धुतल्याबरोबर कधीकधी हिरवट दिसतो, मेंदी भडक दिसते, आणि हवेने दोन दिवसांत दोन्ही गडद होत जातात. तेवढे दोन दिवस शाम्पू टाळा. आणि पुढच्या वेळी फक्त मुळांना लावा. पूर्ण केसांना दर वेळी लावलं तर थरावर थर चढून टोकं मुळांपेक्षा काळी होतात, हे दोन्ही पद्धतींत होतं, फक्त एकत्रमध्ये सावकाश होतं.

मन बदलण्याची शक्यता असेल तर हेही ध्यानात घ्या. मेंदी केसातून निघत नाही, केस वाढून कापले जाईपर्यंत राहते, आणि इंडिगोवर ब्लीच मारलं तर केस हिरवे निघू शकतात. म्हणजे उद्या सलूनमध्ये जाऊन फिकट रंग करायचा विचार असेल तर दोन टप्प्यांचा गडद काळा ही जास्त अडचणीची गोष्ट, त्यात इंडिगो भरपूर असतो. आणि घरात कुणाला जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असेल तर मेंदी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच, अशा लोकांमध्ये, विशेषतः बाळांमध्ये, मेंदीमुळे तांबड्या रक्तपेशी फुटल्याच्या नोंदी आहेत. नैसर्गिक म्हणजे निर्धोक असं समीकरण नाही.

राहता राहिली कानशिलं. तिथले पांढरे केस हट्टी असतात, एकत्र लावलेल्या पेस्टला दाद देत नाहीत, बाकी डोकं तपकिरी आणि ते तांब्याच्या तारेसारखे चमकतात, आणि आरशात आधी तेच दिसतात. एवढ्या एका मुद्द्यावर दोन टप्पे परत करावेत असं मला कितीतरी दिवस वाटत होतं. आता करतो ते असं, आदल्या संध्याकाळी भिजलेल्या मेंदीतली चमचाभर घेऊन फक्त कानशिलांना आणि कपाळाच्या कडेला लावतो, तासाभराने धुतो, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या डोक्याला एकत्र. मेंदीचा आधार मिळाला की इंडिगो तिथेही धरतो. हे म्हणजे परत दोनदा धुणं झालंच की, असं कुणी म्हणेल. पण तेवढी जागा बेसिनवर मान वाकडी करून ओल्या फडक्याने पुसली तरी निघते, त्यासाठी डोक्यावरून पाणी घ्यावं लागत नाही.