केशरी कार्डाचे १७० रुपये: देणं बरं, पण आकडा एका जागी बसलेला

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत केशरी रेशन कार्डावरच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून माणशी ५ किलो धान्य मिळायचं: गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये किलो. केंद्राकडून या कोट्याचं धान्य थांबलं आणि २०२३ पासून त्याऐवजी खात्यात पैसे येऊ लागले. आधी माणशी महिना १५०, आता १७०.

पाच माणसांच्या घराला महिन्याला ८५०, वर्षाला १०,२०० रुपये. उत्पन्न ५० हजार असेल तर हा त्याचा पाचवा हिस्सा झाला. ९५ हजारवाल्याला जेमतेम ११ टक्के. माणशी सारखी रक्कम दिली की गरिबाच्या पदरात तुलनेनं जास्त पडतं, ही या योजनेची खरी जमेची बाजू. पैसा राज्याच्या तिजोरीतला. साबण-तेलावरच्या जीएसटीतून त्यात शेतकऱ्यानंही भर घातलेली असतेच.

आता मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला हिशेब. पूर्वी ५ किलोला खिशातून १० ते १५ रुपये जायचे. ते धरले तर सरासरी ३६-३७ रुपये किलोपर्यंत घर तोट्यात नाही. त्यावर भाव गेला की फरक घरचा, कारण रक्कम भावाशी बांधलेलीच नाही. धान्य दिलं जायचं तेव्हा महागाईची झळ सरकार सोसायचं. एक साधी गोष्ट: सुट्या धान्यावर जीएसटी नाही, छापील पाकिटावर ५ टक्के आहे. सुटंच घ्या.

निवडीत मोठी खोट आहे. अट सातबाऱ्याची. त्याच गावात केशरी कार्ड असलेला भूमिहीन मजूर या यादीत बसत नाही, पाच एकर बागायतवाला बसतो.

अर्ज तहसीलच्या पुरवठा विभागात. कार्डाच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स, पासबुक, सगळ्यांचे आधार लागतात. कार्ड ऑनलाइन चढलेलं, म्हणजे १२ अंकी नंबर असलेलं हवं. पैसे घरातल्या कर्त्या बाईच्या खात्यावर येतात, आणि गाडी अडते ती बहुतेक इथंच. बँकेत आधारची झेरॉक्स देणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा व्हावेत म्हणून, खातं आधारला जोडणं वेगळं. शेवटचं जे खातं आधारला जोडलं, पैसे तिकडं जातात. मोबाइलवर कधीतरी उघडून विसरलेलं पेमेंट बँकेचं खातंसुद्धा त्यात आलं. बरेचजण ‘पैसेच आले नाहीत’ म्हणून तहसीलला खेटे घालतात आणि रक्कम दुसरीकडंच साचत असते. माय-आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’, म्हणजे आधारला कोणतं खातं जोडलंय ते, आधी बघून घ्या. त्यासाठी आधारला मोबाइल नंबर जोडलेला लागतो, कारण ओटीपी त्यावरच येतो.

हप्ता दर महिन्याला येईल असं धरून किराण्याची उधारी करू नका. दोन-तीन महिन्यांचे एकदम पडतात. घरात सून आली, लेकरू झालं, तर नाव लगेच चढवून घ्या. कार्डावर नाव नसलेल्या माणसाचे १७० येत नाहीत.