थेट निवडलेला की सभागृहाने निवडलेला?

अध्यक्षीय पद्धत (सरकारचा प्रमुख सभागृहाने नव्हे, लोकांनी निवडायचा) आणा म्हणजे फोडाफोडी थांबेल, असं आमच्या तासगाव भागात बरेच जण म्हणतात. मीही म्हणायचो. १९७८ ला आपल्या वसंतदादांचं सरकार आतूनच पडलं, १९९९ ला वाजपेयींचं एका मताने गेलं, २०२२ ला आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले आणि आपण टीव्ही बघत बसलो. अमेरिकेत चार वर्षांसाठी निवडून दिलेला अध्यक्ष असा रातोरात पाडता येत नाही. हा मुद्दा वजनदार आहे, आजही मानतो.

पण थेट निवडीची चव मी गावात घेतलीय. २०१७ ला सरपंच थेट जनतेतून आला (२०२० ला ते रद्द झालं, २०२२ ला परत लागू). पहिल्याच खेपेला आमच्याकडे सरपंच एका पॅनेलचा आणि नऊपैकी सहा सदस्य दुसऱ्या पॅनेलचे. त्या सहांत मी होतो. ऐन उन्हाळ्यात नळपाणी योजनेची मोटार जळाली. नव्या मोटारीचा ठराव सरपंचांनी मांडला, आम्ही दर जास्त म्हणून पाडला. पुढच्या मासिक सभेत पुन्हा तेच. इतिवृत्तात ‘नामंजूर’ लिहिलेलं, खाली माझी सही, आणि घरी आलो तर वहिनी मळ्यातल्या विहिरीवरून हंडा घेऊन येत होत्या. सरपंच म्हणायचे, मला गावानं निवडलंय. आम्हालाही गावानंच निवडलं होतं. दोघंही खरे, आणि नळ कोरडा.

अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर होतं. २०१८-१९ ला मेक्सिको सीमेवरच्या भिंतीच्या पैशावरून अध्यक्ष आणि तिथली संसद यांचं जुळलं नाही, आणि सरकारी कामकाजाचा बराच भाग ३५ दिवस बंद होता. आपल्याकडे लोकसभेत बहुमत गेलं की सरकारच जातं. पैसे अडवून दोघेही खुर्चीवर बसून राहत नाहीत. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत हेच मांडलं होतं: अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त, कारण तिथे हिशेब रोजचा असतो.

तुमचं मत वेगळं असू शकतं. सहलीवर नेलेले सदस्य ज्यांनी पाहिलेत, त्यांचा राग मला समजतो. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं तो शमला नाही, हेही खरं. पण त्यासाठी पद्धतच बदलायला हवी असं मला तरी वाटत नाही. जर्मनीत संसदीय पद्धतच आहे. तिथे नवा चॅन्सेलर (म्हणजे आपल्या पंतप्रधानासारखा सरकारप्रमुख) निवडल्याशिवाय अविश्वास ठरावानं जुन्याला हटवता येत नाही. १९४९ पासून असा ठराव एकदाच, १९८२ ला, यशस्वी झालाय.