'द एक्स्पान्स': त्वरणाचा हिशेब ठेवणारी मालिका

अवकाशसाहसाच्या मालिकेत अशक्य असे काही असूच नये, असा हट्ट धरला तर पाहण्यासारखे फारसे काही उरणार नाही. एकदा सूट घेतल्यावर लेखक तिचे परिणाम शेवटपर्यंत निभावतो की नाही, हे पाहावे लागते. 1966 साली सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक'मधली माणसे क्षणार्धात यानातून ग्रहावर प्रकट होतात, ती मुख्यतः दर भागात यान उतरवून दाखवण्याचा खर्च परवडत नव्हता म्हणून. आणि दूरदर्शनवरच्या 'कॅप्टन व्योम'कडे तर आम्ही भौतिकशास्त्राचा हिशेब कधी मागितलाच नाही. 2015 ते 2022 या काळात सहा पर्वांत आलेली 'द एक्स्पान्स' मात्र तो हिशेब स्वतःहून पुढे करते, तेव्हा तिची तपासणीही तितक्याच कडकपणे व्हायला हवी.

या मालिकेने घेतलेली मोठी सूट म्हणजे तिचे इंजिन. मंगळयानाला पृथ्वीची कक्षा सोडल्यापासून मंगळाच्या कक्षेत शिरेपर्यंत सुमारे 300 दिवस लागले होते. पृथ्वीच्या गुरुत्वाइतके त्वरण सतत ठेवून, अर्धी वाट वेग वाढवत आणि अर्धी वाट तो कमी करत गेल्यास, मंगळ अगदी जवळ असताना हाच प्रवास दोन दिवसांच्या आत होतो. त्यासाठी मध्यावर सेकंदाला 700 किलोमीटरहून अधिक वेग गाठावा लागतो, आणि आजच्या उत्तम रासायनिक इंजिनाच्या झोताचा वेग सेकंदाला जेमतेम साडेचार किलोमीटर असतो. म्हणजे कल्पनेची झेप लहान नाही. पण एकदा ती घेतल्यावर मालिका शिस्तीने वागते. यानाचे मजले इमारतीसारखे एकावर एक रचलेले असून इंजिन तळाशी आहे, त्यामुळे ते चालू असेपर्यंतच पाय जमिनीला टेकतात. अर्ध्या वाटेवर यान उलटे फिरते. त्वरण फार वाढले की माणसे खुर्चीत चेपली जातात, शिरांतून औषधे टोचून घेतात, आणि तरीही काही जण मरतात. "मामा, हे यान पाठमोरे का चालले आहे?" असे भाच्याने विचारले तेव्हा मला वेगळे काही समजावून सांगावे लागले नाही, पुढच्या प्रसंगाने ते काम केले.

उष्णतेच्या बाबतीत मात्र मालिका हात झटकते. आमच्या इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातून निवृत्त झालेले शेजारचे काका दोन भाग पाहून एवढेच म्हणाले, "एवढे इंजिन चालवतात, मग ऊष्मा टाकतात कुठे?" प्रश्न बिनतोड आहे. निर्वात पोकळीत उष्णता केवळ प्रारणाने बाहेर जाऊ शकते, म्हणूनच आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला मोठाले पांढरे रेडिएटर पंख्यांसारखे पसरून ठेवावे लागतात. मालिकेतल्या यानांवर तसे काही दिसत नाही. पोकळीतल्या तोफांचे आवाज ऐकू येतात, हा दोष त्यामानाने किरकोळ.

बारकाव्यांत मात्र दिग्दर्शकांची नजर चांगली आहे. सेरेस या बटुग्रहावरचा गुप्तहेर मिलर पेल्यात मद्य ओततो, तेव्हा धार सरळ न पडता एका बाजूला वळते, कारण तिथले 'वजन' परिवलनातून आलेले आहे. या धारेबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, हे मला विशेष आवडले. दुर्दैवाने ज्या सेरेसवर हे घडते तोच मुळात टिकणार नाही. सुमारे 940 किलोमीटर व्यासाच्या या बटुग्रहाचे गुरुत्व पृथ्वीच्या तीन टक्क्यांच्या आसपास आहे. आतल्या माणसांना चालता येईल इतक्या वेगाने त्याला फिरवले, तर विषुववृत्तावरचे खडक आधी अवकाशात भिरकावले जातील. पोकळ दंडगोल बांधून फिरवला असता तर ही अडचण आली नसती.

पाचव्या पर्वात यानाची अभियंता नाओमी अवकाशपोशाखाशिवाय एका यानातून दुसऱ्यात उडी मारते, तो प्रसंग अनेकांना थाप वाटेल. तो तितका अशक्य नाही. 1966 साली नासाच्या निर्वात कक्षात एका तंत्रज्ञाच्या पोशाखाची नळी निसटली, तेव्हा तो साधारण 14 सेकंद शुद्धीवर होता आणि नंतर सुखरूप बचावला. नाओमी रक्तात जादा प्राणवायू टोचून घेते, इतकी मुभा द्यायला माझी हरकत नाही.

'प्रोटोमॉलिक्यूल' नावाचा परका पदार्थ आणि त्यातून उघडणारी ताऱ्यांची दारे ही उघड अद्भुतकथा आहे, पण नियम मोडण्याची परवानगी फक्त त्या परक्या वस्तूला आहे. माणसांना जडत्व आणि संदेशांचा विलंब चुकत नाही. पृथ्वी आणि मंगळ यांच्यात प्रकाशालाही 3 ते 22 मिनिटे लागतात, आणि इथले राजकारणी उत्तराची वाट पाहत बसतात. पृथ्वीवरच्या राजकारणी अव्हासरालाच्या साड्या आणि शिव्या हा आणखी एक स्वतंत्र आनंद.

पहिले चार भाग संथ आहेत, तिथे सोडू नये. लहान मुलांसोबत पाहण्याजोगी ती नाही. बेल्टर, म्हणजे लघुग्रहांच्या पट्ट्यात राहणाऱ्या लोकांची मिश्र बोली पहिल्यांदा कानाला कळत नाही, म्हणून उपशीर्षके चालू ठेवावीत. माझी खरी तक्रार सहाव्या पर्वाबद्दल आहे: त्याचे केवळ सहा भाग असून लाकोनिया ग्रहाचे नवे कथासूत्र सुरू करून ते तसेच अर्धवट सोडले आहे.