नोकरी, घर आणि ओपन माइक: आयफोनमधलं ‘व्हॉइस मेमोज’ कितपत कामाला येतं?

हौशी स्टँडअपमध्ये, म्हणजे नाव नोंदवून कुणालाही स्टेज मिळतं अशा ओपन माइकवर, पाच मिनिटांच्या सेटसाठी (सादरीकरणासाठी) अख्खी संध्याकाळ जाते. नाव नोंदवायला लवकर पोहोचायचं, नंबर लागेपर्यंत थांबायचं, आपलं झालं तरी इतरांसाठी शेवटपर्यंत बसायचं. जाणंयेणं धरलं तर तीन-चार तास सहज उडतात, आणि ते घरच्यांच्या वाट्याचे असतात. तरीही बरेच जण आठवड्यात तीन-चार ठिकाणी तोच सेट करतात आणि एकदाही स्वतःचं ऐकत नाहीत. एकाच संध्याकाळचं नीट रेकॉर्डिंग करून ते दोनदा ऐकलं, तर पुढच्या दोन संध्याकाळी घरी राहता येतं. २००९ पासून आयफोनमध्ये असलेलं व्हॉइस मेमोज हे आवाज रेकॉर्ड करायचं अ‍ॅप या कामासाठी कसं आहे, एवढंच इथे पाहिलं आहे.

रेकॉर्डिंग सुरू करणं सोपं आहे. कंट्रोल सेंटरमध्ये बटण ठेवता येतं, अ‍ॅपल वॉचवरूनही सुरू करता येतं. आपल्या आधी दोन जण उरले की फोन एअरप्लेन मोडवर टाकावा, रेकॉर्डिंग चालू करावं आणि आकडे पुढे सरकताहेत ना हे बघूनच फोन खाली ठेवावा. एअरप्लेन मोड विसरलात आणि मधेच घरून फोन आला, तर रेकॉर्डिंग तिथेच अडकतं.

फोन कुठे ठेवायचा यावर निम्मं यश आहे. खिशात ठेवला तर कापडाची खरखर येते. स्पीकरजवळ ठेवला तर आपला आवाज दणदणीत येतो आणि हशा ऐकूच येत नाही. पहिल्या रांगेतल्या टेबलावर ठेवला तर तिथल्या एकाच मोकळेपणाने हसणाऱ्या माणसाचा आवाज सगळीकडे भरतो आणि फसलेला पंचही (जोकचं हसवणारं वाक्य) चालल्यासारखा वाटतो. मागच्या रांगांच्या बाजूला, स्पीकरपासून लांब, घडी घातलेल्या रुमालावर ठेवलेला फोन सगळ्यात खरं सांगतो. रुमाल हवाच, कारण ग्लास आपटल्याचे धक्के टेबलातून थेट माइकमध्ये जातात. आपला सेट संपला की रेकॉर्डिंग बंद करावं. दुसऱ्याचं मटेरियल त्याला न विचारता फोनमध्ये ठेवणं चुकीचंच, त्यामुळे आधीच्या दोघांचं आलेलंही नंतर काढून टाकावं.

घरी पोहोचल्यावर त्याच रात्री ऐकत बसू नये. डोकं तापलेलं असतं, झोप लांबते आणि सकाळची मीटिंग आपल्याला चुकत नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना ऐकावं, गाडी स्वतः चालवत नसाल तर. पहिल्यांदा काहीही न लिहिता सलग ऐकायचं. दुसऱ्यांदा प्रत्येक जोकसमोर दोन आकडे लिहायचे: सेटअप (पंचआधीची मांडणी) सुरू झाल्यापासून पहिला हशा किती सेकंदांनी आला, आणि हशाला शून्य ते तीनपैकी किती गुण. पंचवीस-तीस सेकंद सेटअप आणि एक गुणाचा हशा असेल तर जोक टाकून द्यायची घाई करू नये, आधी सेटअपमधले शब्द कापावेत. बहुतेकदा ‘म्हणजे काय झालं की’, ‘तुम्हाला माहितीये का’ असली भरती निघते. हशा ओसरायच्या आत पुढचं वाक्य सुरू केलंय का, हेही इथेच कळतं. स्टेजवर ते कधीच लक्षात येत नाही.

इथेच अ‍ॅपची एक सोय गैरसोय ठरते. २०२१ मध्ये, आयओएस १५ सोबत, वेग वाढवण्याचा आणि शांतता गाळण्याचा पर्याय आला. मीटिंगच्या रेकॉर्डिंगला उत्तम, पण सेट ऐकताना दोन्ही बंद ठेवावेत. दीडपट वेगाने ऐकलं की प्रत्येक पॉज बरोबर वाटतो, आणि शांतता गाळली की पंचनंतर पडलेली चार सेकंदांची भयाण शांतताच गायब होते. वेळ वाचवायचा तर सेटच्या आधीचं थांबणं कापावं. त्याआधी मेमोची डुप्लिकेट प्रत करून ठेवावी, कारण ‘ट्रिम’ निवडलेला भाग ठेवतं आणि ‘डिलीट’ तोच भाग उडवतं. घाईत या दोघांची गल्लत होते. चुकून अख्खा मेमो उडवला तर तो ‘रिसेंटली डिलीटेड’मधून परत मिळतो, तिथली मुदत मात्र सेटिंग्जमध्ये आधीच बघून ठेवावी.

आयओएस १८ पासून लिखित रूपही मिळतं, पण त्यात शब्द येतात, हशा नाही. या कामाला त्याचा उपयोग थोडाच. नावं आपोआप ठिकाणावरून पडतात, त्यामुळे एकाच जागी चार वेळा गेलात की सगळी सारखीच दिसतात. तारीख, अंदाजे किती प्रेक्षक आणि ‘नवं’ की ‘जुनं’, असं नाव स्वतः द्यावं. बारा लोकांसमोर पडलेला जोक आणि साठांसमोर पडलेला जोक यांचा निकाल एकच नसतो.

खरी मोठी उणीव म्हणजे चालू रेकॉर्डिंगमध्ये खूण करता येत नाही. पंधरा सेकंद मागेपुढे जाण्याची बटणं आहेत, पण ‘हा जोक इथून’ अशी नोंद कागदावर मिनिट-सेकंद लिहूनच ठेवावी लागते.

घरातल्या वापरासाठी मात्र याला तोड नाही. स्वयंपाक करताना किंवा मुलांना झोपवल्यावर काही सुचलं, तर फोनवर टाइप करत बसलं की माणूस खोलीत असून नसल्यासारखा होतो. एक वाक्य बोलावं, दहा सेकंदांत फोन बाजूला. जेवताना तेवढंही नको. आठवड्यातून एकदा वीसेक मिनिटं काढून हे तुकडे ऐकावेत. ज्याचा अर्थ लागत नाही ते पुसून टाकावेत, नाहीतर ढीग साचतो आणि मग काहीच ऐकलं जात नाही.

एक धोका गंभीर आहे. आयक्लाउडमध्ये व्हॉइस मेमोज चालू असेल तर सगळे मेमो त्याच खात्यावरच्या आयपॅड आणि मॅकवर पोहोचतात. घरात सगळे मिळून वापरतात त्या टॅबलेटवर सासूबाईंवरचा अर्धाकच्चा जोक सापडणं कुणालाच परवडणार नाही. सेटिंग्जमधल्या आयक्लाउडच्या यादीत हे बंद करता येतं, मग बॅकअप हाताने घ्यावा. ऑफिसने दिलेल्या फोनवर तर सेट रेकॉर्ड करूच नये, विशेषतः त्यात साहेब असतील तर.

जोडीदारावर जोक असेल तर तो स्टेजवर नेण्याआधी समोर बसून सांगावा आणि परवानगी घ्यावी. रेकॉर्डिंग ऐकवून परवानगी मागू नये. अनोळखी पन्नास माणसं हसताना ऐकल्यावर ‘हे नको’ म्हणणं फार अवघड होतं, आणि नकाराची मोकळीक नसेल तर होकाराला काही किंमत उरत नाही.

या कामासाठी पाचपैकी चार गुण. एक गुण खुणांच्या सोयीअभावी गेला. सॅमसंगच्या व्हॉइस रेकॉर्डरमध्ये बुकमार्क आहेत, त्यामुळे तो फोन आधीच हातात असेल तर यासाठी आयफोनकडे वळायची गरज नाही. फोन कुठे ठेवायचा आणि कसं ऐकायचं, ते तिथेही असंच लागू पडतं.