हाडाची सॅडल, प्लास्टिकची सॅडल आणि माहीमची हवा: दहा महिन्यांनंतर

मी माहीमला, समुद्रापासून पाच-सहा मिनिटांच्या अंतरावर राहते आणि रोज साधारण तासभर गिटार वाजवते. माझ्या गिटारचा टॉप, म्हणजे पुढची पाटी, सॉलिड (एकसंध) स्प्रूस या लाकडाचा, पाठ आणि बाजू थरांच्या लाकडाच्या, तर फिंगरबोर्ड शिसवीचा आहे. ती विकत घेतली तेव्हा नट, सॅडल आणि ब्रिजच्या पिना मात्र प्लास्टिकच्या होत्या, आणि मध्यम किमतीच्या गिटारमध्ये बहुधा असेच असते. ब्रिज म्हणजे टॉपवर चिकटवलेला, तारा जिथे पिनांनी अडकवतात तो लाकडी तुकडा; सॅडल म्हणजे त्याच्या खाचेतली, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी; आणि नट म्हणजे मानेच्या वरच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी. गेल्या मे महिन्यात मी नट आणि सॅडल हाडाचे करून घेतले. तेव्हापासून मार्चपर्यंतचा, म्हणजे एक पूर्ण पावसाळा धरून दहा महिन्यांचा हा अनुभव आहे.

जुनी सॅडल काढली तेव्हा कारागिरांनी ती माझ्या हातात दिली. ही गिरगावात छोट्या खोलीत काम करणारी, उतारवयाची व्यक्ती आहे. ती पट्टी त्यांनी पोलादी फूटपट्टीवर उभी धरली आणि मागून बॅटरी लावली, तेव्हा मधल्या तीन तारांच्या खालून उजेडाची बारीक रेघ स्पष्ट दिसली. म्हणजे सॅडलचा तळ मधोमध ब्रिजला टेकतच नव्हता. शिवाय ती खाचेत इतकी सैल होती की तारांच्या ताणाने पुढे झुकली होती. नट उलटा केला तर आतून पोकळ निघाला. तारेचे कंपन टॉपपर्यंत पोहोचते ते सॅडलमधून, आणि तिथेच अशी फट असेल तर चांगल्या स्प्रूसचा उपयोग तो काय! वाद्य विकणाऱ्यांनी एवढी तपासणी दुकानातच करून द्यायला हवी, असे मला मनापासून वाटते.

नवी पट्टी म्हशीच्या हाडाची होती. ती कानशीने घासताना दाताच्या डॉक्टरांकडे येतो तसा जळका वास सुटतो आणि पिठासारखी पांढरी भुकटी उडते, त्यामुळे तोंडाला मास्क लावूनच काम करावे लागते. तळ सपाट करण्यासाठी त्यांनी काचेवर पॉलिश पेपर ठेवून जवळजवळ अर्धा तास घासकाम केले. हाड आणि मजुरी मिळून १,८०० रुपये झाले. घरी आल्यावर आईने विचारले, तेव्हा ही वस्तू कशाची आहे ते मी लपवले नाही. आई माळकरी आहे, त्यामुळे ती काय म्हणेल याची मला धास्ती होती. ती एवढेच म्हणाली, "पखवाजाची पुडी कशाची असते गं?" तरीही ज्यांना हाड घरात नको असेल, त्यांच्यासाठी टस्क नावाचा घट्ट दाबून बनवलेला कृत्रिम पर्याय बाजारात मिळतो.

पहिल्याच दिवशी फरक जाणवला. पहिल्या दोन बारीक तारांचा आवाज आधी पातळ आणि टोकदार वाटत असे. तो भरीव झाला आणि स्वर छेडल्यानंतरची आस लांबली. जाड तारांमध्ये मला फारसा बदल ऐकू आला नाही. नटाविषयी एक गोष्ट नीट समजून घ्यावी: बोट फ्रेटमागे (फ्रेट म्हणजे फिंगरबोर्डवरची धातूची आडवी पट्टी) दाबले की तारेचे एक टोक त्या फ्रेटवर येते आणि नटाचा नादाशी संबंध उरत नाही, म्हणून नटाचे साहित्य बदलून फरक पडतो तो फक्त मोकळ्या तारांना. सूर लावण्यात मात्र नटाने मोठा दिलासा दिला. आधी दुसरी तार खाचेत अडकून 'टिक्' असा आवाज करत एकदम वर सरकायची. हाडात नीट कोरलेल्या आणि पेन्सिलीचे शिसे फिरवलेल्या खाचेत ती अलगद सरकते.

चार-पाच महिने मी ज्याला त्याला हाडाचे गुण सांगत होते. मग ऑक्टोबरमध्ये मनात शंका आली की हे श्रेय नक्की कोणाचे आहे, हाडाचे की त्या अर्ध्या तासाच्या घासकामाचे? मी त्याच कारागिरांना भरीव प्लास्टिकची एक सॅडल तितक्याच काळजीने बनवून देण्याची विनंती केली. ते म्हणाले, "ताई, हे मला कोणी विचारत नाही, पण विचारायला हवं." दोन्ही सॅडलवर एकाच जातीच्या कोऱ्या तारा लावून, एकाच खोलीत, मोबाइल त्याच जागी ठेवून मी एकच तुकडा ध्वनिमुद्रित केला. नीट बसवलेले प्लास्टिक त्या मूळच्या सैल प्लास्टिकपेक्षा कितीतरी सरस वाजले. हाड त्याच्याही पुढे होते, पण तेवढे नाही. मी मे महिन्यात अनुभवलेल्या सुधारणेचा निम्माअधिक वाटा बसवणुकीचा होता, असे आता मला प्रामाणिकपणे म्हणावे लागते. हाडाचा म्हणून जो वाटा उरतो, तो बारीक तारांच्या आसेत आहे आणि तेवढ्यासाठी मी हाडच ठेवेन. ज्यांच्या गिटारमध्ये सॅडलखाली पिकअप (कंपन पकडून स्पीकरकडे पाठवणारे साधन) आहे त्यांनी मात्र जरा विचार करावा, कारण हाड सगळीकडे सारखे घट्ट नसते आणि त्यामुळे एखादी तार स्पीकरमधून दबकी ऐकू येऊ शकते. तिथे एकसंध कृत्रिम साहित्य अधिक भरवशाचे ठरते.

पावसाळ्याने वेगळाच धडा दिला. लाकडी गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आणि जुलैत आमच्या घरातला काटा ८५ च्या खाली उतरत नव्हता. स्प्रूस ओल शोषून फुगतो, ब्रिजमागचा भाग वर येतो आणि तारा उंच होतात. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची मे महिन्यात २.४ मिलिमीटर होती, ती जुलैअखेर २.९ झाली, जानेवारीत पुन्हा २.४ वर आली. बोरिवलीला राहणाऱ्या माझ्या भाच्याची गिटार एचपीएलची, म्हणजे कपाटांना लावतात त्या सनमायकाच्याच जातीच्या तक्त्यांची आहे. तिच्यात याच काळात जेमतेम ०.१ चा फरक पडला. रोज लोकलने गिटार नेणाऱ्या मुलासाठी ती निवड योग्यच आहे, पण दोन्ही शेजारी ठेवून वाजवल्या की त्याच्या गिटारचा घुमारा लवकर विरतो. जवळजवळ पूर्ण प्लास्टिकची गिटार मारिओ माक्काफेरी या गिटार बनवणाऱ्या कारागिरांनी १९५३ मध्ये अमेरिकेत काढली होती; वादकांनी ती स्वीकारली नाही. १९६६ मध्ये ओव्हेशन या अमेरिकी गिटार कंपनीने गोल पाठ कृत्रिम साहित्याची केली, पण टॉप स्प्रूसचाच ठेवला. माझाही कौल तोच आहे: टॉप लाकडाचा असावा, बाकीच्या बाबतीत तडजोड चालेल.

तारांच्या बाबतीत तर प्लास्टिकचे उपकारच मानायला हवेत. खाऱ्या हवेत माझ्या साध्या ब्राँझच्या तारा पाच आठवड्यांत काळवंडत. पॉलिमरचा पातळ थर असलेल्या तारा चार महिने टिकल्या. पिना मी एबनी या काळ्या, कठीण लाकडाच्या लावून पाहिल्या, पण आवाजात काही बदल जाणवला नाही. त्यांना तारेच्या टोकाच्या मण्यामुळे खाचा पडत नाहीत एवढाच फायदा. पिक (तारा छेडायची चकती) म्हणून मी सेल्युलॉइडच वापरते. ते प्लास्टिक खरे, पण बनते कापसासारख्या वनस्पतीतल्या सेल्युलोजपासून आणि कापरापासून.

ऑक्टोबरात बनवलेली ती प्लास्टिकची सॅडल मी टाकली नाही. बाराव्या फ्रेटवरची उंची अर्धा मिलिमीटर उतरवायची तर सॅडल त्याच्या दुप्पट, म्हणजे एक मिलिमीटर घासावी लागते. हाडाची पट्टी तेवढी घासली तर हिवाळ्यात तारा फ्रेटवर खरखरतील. म्हणून कारागिरांकडून प्लास्टिकची पट्टी तेवढी उतरवून घेतली आहे आणि गिटारच्या पेटीत, सिलिका जेलच्या पुडीशेजारी, कापडात गुंडाळून ठेवली आहे. जूनमध्ये पहिली सर आली की ती चढेल आणि दसऱ्याला पुन्हा हाडाची बसेल.